रिबन माइकची साठवण आणि निगा

रिबन माइकच्या आत दोन चुंबकीय ध्रुवांच्या मधल्या अरुंद फटीत ॲल्युमिनियमची एक चुणीदार फीत टांगलेली असते. आवाजाने ही फीत हलते, ती चुंबकीय क्षेत्रात हलत असल्यामुळे तिच्यात अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो आणि माइकमधला ट्रान्सफॉर्मर तो प्रीअँपला, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राला, पुरेल इतका वाढवतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, तर रॉयर आर-121 या प्रचलित माइकमधली फीत अडीच मायक्रॉनची असते. बीबीसीच्या आराखड्यावरून तयार झालेल्या कोल्स 4038 मधली फीत तर एक मायक्रॉनहूनही पातळ आहे. फितीच्या दोन्ही टोकांना चिमटे असतात, मधे तिला कशाचाही आधार नसतो, आणि आवाजातला जो मऊपणा ऐकून आपण हा माइक निवडतो तो याच हलकेपणातून येतो.

वॉल्टर शॉटकी आणि एर्विन गेर्लाख यांनी 1920 च्या दशकात जर्मनीत ही रचना मांडली आणि पुढच्या दशकात अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या 44 मालिकेने ती रेडिओ केंद्रांत सर्वत्र पोचवली. त्या काळातले कित्येक माइक आजही ध्वनिमुद्रणात वापरले जातात, म्हणजे नीट सांभाळलेला रिबन माइक अनेक दशके टिकतो हे उघड आहे. मोठा आवाज ही फीत सहसा सहन करते. ती बहुतेक वेळा खराब होते ती उचलताना, झाकताना, पेटीत घालताना आणि कपाटात पडून असताना. म्हणून या लेखाचा बराचसा भाग रेकॉर्डिंग चालू नसतानाच्या सवयींबद्दल आहे.

सर्वांत मोठा धोका वाऱ्याचा

ध्वनी आणि वारा यांतला फरक आधी लक्षात घेतला पाहिजे. सनईचा आवाज कितीही चढा असला तरी माइकजवळची हवा जागच्या जागी थरथरते. याउलट फुंकर, पंख्याचा झोत किंवा जोरात आपटलेले दार हवेचा लोटच एका दिशेने ढकलते. अशा लोटाने फीत एका बाजूला ताणली जाते, तिच्या चुण्या कायमच्या उलगडतात आणि ती सैल पडून फटीच्या कडेला घासू लागते. झोत फार जोराचा असेल तर ती तुटतेसुद्धा.

आपल्याकडे माइक दिसला की त्यावर फुंकर मारून किंवा टिचकी मारून तो चालू आहे का हे पाहण्याची सवय मंडपापासून स्टुडिओपर्यंत सर्वत्र आहे. डायनॅमिक माइक ते सहन करतो, रिबन माइक करत नाही. त्यामुळे नवा कलाकार, साथीदार किंवा मदतनीस खोलीत आला की बसण्याआधीच त्याला ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावी. संकोच करू नये. माइक तपासायचा असेल तर हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोलणे पुरेसे असते.

माइक स्टँडवर लावलेला असेल आणि रेकॉर्डिंग चालू नसेल, मग ते चहापुरते थांबलेले का असेना, तर त्यावर कापडी पिशवी घालून ठेवावी. कित्येक कंपन्या माइकबरोबर अशी पिशवी देतात. नसेल तर दाट विणीच्या, धागे न सुटणाऱ्या सुती कापडाची शिवून घ्यावी. शिवताना एक काळजी घ्यावी, ती म्हणजे पिशवी माइकपेक्षा चांगली ऐसपैस असावी. घट्ट पिशवी झटकन वर ओढली की आत क्षणभर पोकळी तयार होते आणि फीत बाहेरच्या बाजूला खेचली जाते. पिशवी सैल असली तरी घालताना आणि काढताना हात सावकाश चालला पाहिजे. प्लॅस्टिकची पिशवी मात्र दोन कारणांनी वर्ज्य करावी: तिच्यातून हवा आरपार जात नाही, त्यामुळे ओढताना धक्का बसतो, आणि आत अडकलेला ओलावाही बाहेर पडत नाही.

माइक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचा असेल तरीही पिशवी घालूनच न्यावा, कारण भरभर चालताना उघड्या माइकला लागणारा वारा कमी नसतो. बहुतेक रिबन माइक समोरून आणि मागून सारखेच ऐकतात आणि दोन्ही कुशींना जवळजवळ बहिरे असतात. वाऱ्यालाही फीत समोरून आणि मागूनच जास्त दबते. हे माहीत असले की निर्णय सोपे होतात. स्टुडिओचे जाड, घट्ट बसणारे दार लावताना खोलीतल्या हवेचा दाब एकदम बदलतो, म्हणून माइकची कूस दाराकडे राहील असे पाहावे आणि दार हाताने धरून हळू टेकवावे. घरच्या खोलीत काम करणाऱ्यांनी छताचा पंखा आणि एसीचा झोत माइकच्या तोंडावर येत नाही याची खात्री करूनच पिशवी काढावी.

वाद्यांपैकी बासरीबाबत विशेष दक्षता हवी, कारण वादकाच्या ओठांतून सुटलेली हवा पुढे बऱ्याच अंतरापर्यंत जाते. तबल्याच्या डग्ग्याजवळ आणि गायकाच्या ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांच्या समोरही हीच अडचण येते. माइक जिथे ठेवायचा तिथे आधी आपल्या हाताची पाठ पाण्याने ओली करून धरावी आणि वादकाला जोराने वाजवायला सांगावे. ओल्या कातडीला गारवा जाणवला, तर तिथे हवा पोचते असे समजून माइक बाजूला, वर किंवा मागे घ्यावा. गायनासाठी तोंडाचा झोत अडवणारा पॉप फिल्टर (माइकसमोरचा पडदा) लावावाच, शिवाय माइक थोडा तिरपा करावा, म्हणजे उरलेला झोत फितीवर सरळ आदळणार नाही.

उभा ठेवावा, पण फीत पाहून

लांब फितीचा माइक महिनोन्महिने आडवा ठेवला तर फितीचे स्वतःचे वजन एकाच बाजूला काम करत राहते आणि ती हळूहळू झोळते. आरसीए 44 मध्ये फीत सुमारे सहा सेंटिमीटर लांब असते, त्यामुळे हा दोष तिथे लवकर दिसतो. उभ्या स्थितीत वजन फितीच्या लांबीच्या दिशेने जाते आणि ती आपल्या जागी राहते. म्हणून रोजच्या साठवणीत हे माइक उभेच ठेवावेत. तासाभराच्या प्रवासात आडवे झाल्याने काही बिघडत नाही, पण पावसाळाभर कपाटात आडवे पडलेले माइक पुढे दुरुस्तीला जातात.

इथे एक बारकावा आहे, जो बऱ्याच सूचनांत सुटतो. महत्त्व माइकच्या नळीला नसून आतल्या फितीला आहे. बायरडायनॅमिक एम 160 टोकाकडून आवाज घेतो आणि त्यातल्या फिती नळीला काटकोनात बसवलेल्या असतात, त्यामुळे तो उभा ठेवला की फिती आडव्या होतात. त्या आखूड असल्याने त्यांना याचा त्रास कमी होतो, तरी आपल्या माइकमध्ये फीत कोणत्या दिशेने बसवली आहे हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहून मगच पेटीची रचना ठरवावी. पेटीवर बाहेरून वरची बाजू दाखवणारा मोठा बाण काढावा. सामान लावणाऱ्या मुलाने बाण पाहिला की त्याला वेगळे काही सांगावे लागत नाही.

पेटी

माइकबरोबर आलेली पेटी चांगली असेल तर तीच वापरावी. जुन्या माइकची पेटी हरवलेली असते, तेव्हा सुताराकडून नवी करून घ्यावी लागते. अशा पेटीत माइक उभा बसावा, त्याचे वजन जाळीवर न येता बुडावर आणि दांड्यावर यावे, आणि चारही बाजूंनी किमान दोन बोटे जाडीचा फोम असावा. गादीत वापरतात तो साधा पिवळा फोम काही वर्षांत चिकट होतो, नंतर त्याचा भुगा होतो आणि तो भुगा थेट जाळीतून आत जातो. म्हणून पॅकिंगमध्ये येतो तो पांढरा, घट्ट, पाणी न शोषणारा पॉलिथिलीन फोम निवडावा. जुन्या पेटीतला फोम बोटाने दाबून पाहावा. बोटाला पिवळी पूड लागली तर त्या दिवसापासून माइक त्या पेटीत ठेवू नये.

झाकण घट्ट बसणारे असेल तर ते जोराने मिटताना आतली हवा दाबली जाते आणि तो दाब फितीवर येतो. यासाठी झाकणाजवळ एखादे लहान भोक ठेवून त्यावर आतून कापड चिकटवावे, किंवा निदान झाकण दोन्ही हातांनी सावकाश टेकवावे. नव्या पेटीला व्हार्निश लावले असेल तर त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत तिच्यात माइक ठेवू नये.

पेटी घरी आली की माइक ठेवण्याआधी एक काम न चुकता करावे. एखादे जुने चुंबक पातळ कागदात गुंडाळून पेटीच्या आतल्या प्रत्येक कोपऱ्यातून, बिजागरीच्या खालून आणि फोमच्या कडांवरून फिरवावे. सुताराने भोके पाडताना आणि स्क्रू बसवताना पडलेला लोखंडाचा कीस कागदावर काळ्या लवेसारखा उभा राहिलेला दिसतो. पेटी स्वच्छ दिसत असली तरी पहिल्या खेपेला काहीतरी निघतेच. कागद उलगडून कीस लांब नेऊन टाकावा आणि कागद कोरा निघेपर्यंत पुन्हा फिरवावे.

हा खटाटोप का करायचा, तर हा कीस पेटीत राहिला तर माइकचे चुंबक तो आपल्याकडे ओढून घेते. रिबन माइकची चुंबके चांगली शक्तिशाली असतात आणि फीत व ध्रुव यांच्यामधली फट मिलिमीटरच्या अंशाइतकीच असते. तिथे एक कण जरी अडकला तरी फीत त्याला घासते आणि आवाजात खरखर येते. त्याच कारणाने हा माइक ड्रिल, कानस किंवा ग्राइंडर चालतो त्या टेबलावर कधीही ठेवू नये, झाकलेलासुद्धा ठेवू नये. सोल्डरिंगच्या टेबलावर तारांचे तुकडे आणि स्क्रू पडलेले असतात, तेही टाळावे.

चुंबकाचा आणखी एक त्रास लोखंडी कपाटात होतो. माइक पत्र्याजवळ नेला की तो अचानक ओढला जाऊन आपटतो आणि त्या धक्क्याने फीत हलते. कपाट लोखंडी असेल तर माइक पेटीबाहेर त्यात ठेवू नये. दोन रिबन माइक एकाच पेटीत असतील तर त्यांच्यात भरपूर फोम असावा. हार्ड डिस्क, जुन्या ध्वनिफिती आणि बँकेची कार्डे या पेटीपासून लांब ठेवावीत.

दमट हवा

कोकण, मुंबई आणि गोव्यात काम करणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. इतक्या पातळ ॲल्युमिनियमला ओलावा आणि खारी हवा मिळाली की त्यावर गंज बसायला, म्हणजे पांढरट डाग पडून फीत ठिसूळ व्हायला, फार काळ लागत नाही. चामड्याच्या पेटीला आणि कापडाला बुरशी लागते ती वेगळीच.

साठवणीच्या जागी सापेक्ष आर्द्रता 40 ते 50 टक्के असावी. कॅमेऱ्याची भिंगे ठेवण्यासाठी मिळणारे विजेवर चालणारे कोरडे कपाट यासाठी उत्तम, आणि एकाहून अधिक चांगले माइक असतील तर तो खर्च मला योग्य वाटतो. ते नसेल तर माइकच्या पेटीत सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवावा. सिलिका जेल रंग बदलणारे घ्यावे. निळे दाणे ओलावा शोषून गुलाबी झाले, किंवा नारिंगी हिरवे झाले, की ते ओव्हनमध्ये 120 अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येतात. दाणे शिवलेल्या कापडी पुडीत असावेत, कारण फुटलेल्या पुडीतली पूड जाळीत गेली तर उपायाचाच अपाय होतो. डांबराच्या गोळ्या आणि कापूर पेटीत ठेवू नयेत. त्यांची वाफ थंड पृष्ठभागावर पुन्हा स्फटिकरूपाने बसते आणि कपड्यांना चालणारी ही गोष्ट फितीला चालत नाही.

जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो आणि स्टुडिओतला एसी बहुधा त्याहून खाली लावलेला असतो. अशा खोलीतून निघालेला थंड माइक बाहेर उघडा केला की चष्म्यावर धुके बसते तसे आतल्या धातूवर पाणी धरते. म्हणून माइक थंड खोलीतच पेटीत घालावा आणि बाहेर नेल्यावर पेटी किमान तासभर न उघडता तशीच राहू द्यावी.

दसऱ्याला वाद्यांची आणि यंत्रांची पूजा करण्याची आपली रीत आहे आणि स्टुडिओतही ती श्रद्धेने पाळली जाते. रिबन माइक पूजेत मांडायचा असेल तर तो बंद पेटीत ठेवून पेटीला हळदकुंकू लावावे. कुंकवाची बारीक पूड जाळीतून आत गेली की ती बाहेर काढण्यासाठी माइक उघडावाच लागतो. उदबत्ती आणि धुपाचा धूरही चिकट थर सोडतो, म्हणून पूजा आटोपून खोली हवेशीर होईपर्यंत पेटी उघडू नये.

बाहेरून माइक पुसताना किंचित ओलसर मऊ कापड वापरावे. जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडावी, पण माइक उलटा धरून, म्हणजे धूळ खाली पडेल. हवेचा फवारा आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही निषिद्ध आहेत. जाळी स्वतः उघडून आत साफ करण्याचा मोह आवरावा.

फँटम पॉवर आणि केबल

साध्या, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या रिबन माइकला 48 व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला पुरवली जाणारी वीज, लागत नाही. केबल निर्दोष असेल तर हा दाब दोन्ही तारांवर समान येतो, ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांत फरक राहत नाही आणि काही होत नाही. अडचण येते ती केबलमध्ये एक तार तुटलेली किंवा आवरणाला टेकलेली असली तर. मग विद्युतप्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून जातो, जोडणीच्या क्षणी त्याचा झटका फितीकडे पोचताना कितीतरी पटींनी वाढतो आणि फीत झटकन एका बाजूला फेकली जाते. पॅचबेमध्ये, म्हणजे स्टुडिओतल्या जोडण्या बदलण्याच्या फळीवर, पिन आत सरकताना टोके एकामागून एक टेकतात, त्यामुळे निर्दोष केबलनेही तोच झटका बसू शकतो.

यावरचा नियम सोपा आहे. जोडण्याआधी त्या चॅनेलची फँटम बंद करावी, मिनिटभर थांबावे, म्हणजे आत साठलेला दाब उतरेल, आणि मगच केबल लावावी. पॅचबे शक्यतो टाळून माइक थेट प्रीअँपला जोडावा. काही मिक्सरमध्ये सगळ्या चॅनेलसाठी फँटमचे एकच बटण असते. अशा मिक्सरवर फँटमवर चालणारा कंडेन्सर माइक चालू असताना रिबन माइक लावू नये. क्लाउडलिफ्टरसारखे मध्ये जोडायचे बूस्टर फँटम स्वतः वापरतात आणि माइककडे जाऊ देत नाहीत, त्यामुळे आवाज वाढवण्याबरोबर त्यांचा हाही उपयोग होतो. रॉयर आर-122 सारख्या सक्रिय रिबन माइकला मात्र फँटम लागते, आणि तिथेही आधी केबल, मग फँटम हाच क्रम ठेवावा.

रिबन माइकसाठी दोन केबल वेगळ्या काढून त्यांवर रंगीत चिकटपट्टी लावावी आणि त्या इतर कामाला देऊ नयेत. दर काही महिन्यांनी त्या मल्टिमीटरने तपासाव्यात: एका टोकाची 1, 2, 3 क्रमांकाची पिन दुसऱ्या टोकाच्या त्याच पिनशी जोडलेली हवी आणि एकमेकींशी अजिबात जोडलेली नको. ही तपासणी माइक काढून करावी. माइकच्याच पिनांना मल्टिमीटर लावू नये, कारण मल्टिमीटर स्वतः प्रवाह सोडतो आणि त्यानेही फितीला झटका बसतो.

ऐकून तपासणी

फीत सैल होत असल्याचे एका दिवसात कळत नाही, म्हणून तुलनेला आधार हवा. माइक चांगल्या स्थितीत असताना एका ठरावीक स्पीकरवर तानपुऱ्याचे एकच रेकॉर्डिंग ठरावीक पातळीवर वाजवावे. माइक हातभर अंतरावर ठेवून त्याच्या समोरच्या व मागच्या बाजूने अर्धा-अर्धा मिनिट मुद्रित करावे आणि प्रीअँपचा गेन लिहून ठेवावा. पावसाळ्याआधी आणि नंतर, तसेच प्रत्येक मोठ्या प्रवासानंतर, हेच पुन्हा करावे. पातळी उतरली, जवारीची चमक मंदावली, खर्जावर खरखर आली किंवा समोरच्या व मागच्या आवाजात पूर्वी नसलेला फरक जाणवू लागला, तर फीत सरकली किंवा झोळली असे समजावे. काही माइकमध्ये टॉर्चच्या उजेडात जाळीतून फीत दिसते. ती मधोमध, सरळ आणि दोन्ही कडांपासून सारखी दूर असावी. मात्र रॉयर आर-121 सारख्या काही माइकच्या दोन बाजू मुळातच थोड्या वेगळ्या ऐकू येतात, म्हणून आपल्या पहिल्या मुद्रणाशीच तुलना करावी.

फीत बदलणे हे अनुभवी तंत्रज्ञाचेच काम आहे. फीत कापणे, तिला चुण्या घालणे आणि योग्य ताणावर बसवणे यांतल्या प्रत्येक पायरीवर आवाजाचा पोत ठरतो, आणि जुन्या माइकमध्ये मूळ फीत शाबूत असेल तर ती विनाकारण बदलू देऊ नये. कोल्स आपले माइक स्वतः दुरुस्त करते, आणि कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथली एईए ही कंपनी जुन्या आरसीए माइकच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. माइक पाठवताना तो पिशवीत, पिशवी पेटीत आणि पेटी दुसऱ्या मोठ्या खोक्यात अशी ठेवावी. दोन खोक्यांमध्ये सर्व बाजूंनी फोम भरावा आणि चारही बाजूंवर उभ्या दिशेचा बाण काढावा. आरसीए 44 सारखे माइक काही किलो वजनाचे असतात, त्यामुळे आतला फोम त्या वजनाने दबून जाणार नाही इतका घट्ट हवा. विमानाने जाताना शक्य असेल तर माइक हातातल्या सामानातच घ्यावा. तपासणीच्या क्ष-किरणांनी फितीला काही होत नाही, मात्र पेटी उघडून दाखवावी लागली तर ती आपल्या हाताने उघडण्याची परवानगी मागावी आणि पिशवी काढण्याआधी शेजारी पंखा नाही हे पाहून घ्यावे.